नवी आवृत्ती: दुरुस्ती की नुसती भर?

एखाद्या नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारची नवी पिढी जाहीर झाली की शौकिनांमध्ये ठरलेला वाद सुरू होतो. जुनी गाडी ज्यांच्या दाराशी उभी आहे त्यांनी ती विकून नवी घ्यावी, की आहे तीच ठेवावी? बघता बघता दोन तट पडतात. एका बाजूकडे आकडे असतात: शून्य ते शंभरचा वेळ इतक्या दशांशांनी घटला, अश्वशक्ती इतकी वाढली, अमुक ट्रॅकवरची फेरी तमुक सेकंद आधी पुरी झाली. दुसऱ्या बाजूकडे आठवणी असतात: स्टीअरिंग पूर्वी हाताशी बोलायचे, इंजिनाचा आवाज काळजाला भिडायचा, आता सगळे पडद्यांचे आणि बटणांचे झाले. आकडेवाले आठवणवाल्यांना हळवे ठरवतात आणि आठवणवाले आकडेवाल्यांना अरसिक. कित्येक वर्षे मी हा वाद जवळून ऐकतो आहे, त्यात हिरिरीने भागही घेतला आहे, आणि माझी तक्रार अशी आहे की दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत बसतात. नवी गाडी जुनीपेक्षा चांगली आहे का, हा एक प्रश्न झाला. ज्याच्याकडे जुनी आहे त्याने ती बदलावी का, हा अगदी वेगळा. पहिल्याचे उत्तर गाडीत सापडते; दुसऱ्यासाठी गाडीचा मालक, त्याचे रस्ते आणि त्याचा हात यांच्याकडे पाहावे लागते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोणत्याही नव्या रचनेत दोन तऱ्हेचे बदल मिसळलेले असतात. आधीच्या गाडीतली, चालवणाऱ्याला प्रत्यक्ष जाणवणारी उणीव काढून टाकणे ही दुरुस्ती. जे आधीच पुरेसे होते, किंबहुना पुरून उरत होते, त्यात आणखी घालणे ही भर. दुरुस्तीसाठी गाडी बदलणे शहाणपणाचे आहे आणि तिच्यासाठी थोडी ओढाताण करावी लागली तरी ती सोसावी. भरीसाठी गाडी बदलणे मात्र शौकाच्याच मुळावर येते, कारण त्यात चालवण्याचा आनंद वाढत नाही, फक्त आपल्या आवाक्याबाहेरचा हिस्सा वाढतो. अडचण अशी की जाहिरातीत, परीक्षणात आणि शौकिनांच्या गप्पांत दोन्ही बदल एकाच सुरात, एकाच यादीत सांगितले जातात. ती यादी फोडून पाहिल्याशिवाय या वादात पुढे जाता येत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. टोयोटाने सुबारूच्या साथीने बनवलेली जीटी८६ ही २०१२ साली आली. दोन लिटरचे आडव्या सिलिंडरांचे इंजिन, २०० अश्वशक्ती, जोर मागच्या चाकांना, वजन बाराशे-तेराशे किलोच्या दरम्यान. तिच्या समतोलाची स्तुती जवळपास सगळ्यांनी केली. पण तिच्यात एक खोट होती आणि ती कळायला ट्रॅकवर जावे लागत नव्हते. चढावरच्या अरुंद वळणातून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडताना मी ती अनुभवली आहे. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा साडेतीन हजारांपर्यंत उत्साहाने चढतो, आणि गाडी सरळ होऊन पुढे झेपावायला हवी अशा ऐन क्षणी इंजिन श्वास रोखून धरते. पाय खाली जातो, आवाज वाढतो, पण पाठीला सीटचा रेटा लागत नाही. साडेचार हजारांच्या पुढे पुन्हा जोर येतो, तोवर वळण मागे पडलेले असते. त्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, २०५ न्यूटन मीटर होता आणि तो ६,४०० आरपीएमवर मिळत असे. २०२१ साली आलेल्या जीआर८६ मध्ये इंजिन २.४ लिटरचे झाले, टॉर्क २५० न्यूटन मीटरवर गेला आणि तो ३,७०० आरपीएमवर मिळू लागला, म्हणजे जुनी गाडी जिथे दम खात होती नेमक्या तिथेच. अश्वशक्तीही वाढली, पण ती दुय्यम गोष्ट होती. मुख्य गोष्ट ही की वजन जवळपास पूर्वीइतकेच राखून त्या एका खोटेवर बोट ठेवले गेले. जुनी जीटी८६ बाळगणाऱ्या आणि त्या खोटेवर रोज चरफडणाऱ्या माणसाने नवी घेतली, तर त्याला उधळ्या म्हणणे अन्याय होईल.

माझदाच्या एमएक्स-५ चेही तसेच. तिच्या चौथ्या पिढीचे २०१८-१९ च्या सुमारास झालेले नूतनीकरण बाहेरून ओळखूही येत नाही. पण दोन लिटरच्या इंजिनाची मर्यादा ६,८०० वरून ७,५०० आरपीएमवर गेली आणि स्टीअरिंग पुढेमागे सरकवण्याची सोय प्रथमच मिळाली. उंच माणसाला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. ज्याचे गुडघे स्टीअरिंगला लागत होते त्याच्यासाठी तीन बोटांची ती सरक म्हणजे नवी गाडीच होय, आणि परीक्षणांत तिला जेमतेम एक ओळ मिळते.

आता भर कशी असते ते पाहा. बीएमडब्ल्यूची एम५ ही चार दारांची गाडी असली तरी या वादात तिचे नाव हमखास निघते. मागच्या पिढीत ६०० अश्वशक्ती होती आणि शून्य ते शंभर गाठायला कंपनीच्याच सांगण्यानुसार ३.४ सेकंद लागत. २०२४ मध्ये आलेल्या पिढीत पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड मिळाली, शक्ती ७२७ वर गेली, वजन अर्ध्या टनाहून अधिक वाढून २,४३५ किलोवर पोहोचले आणि शून्य ते शंभरला ३.५ सेकंद लागू लागले. ज्या आकड्यासाठी सारा खटाटोप, तोच आकडा किंचित मागे गेला. नियमांच्या कचाट्यात सापडलेल्या अभियंत्यांना मी दोष देणार नाही. शिवाय ज्याला रोजचे थोडे अंतर पेट्रोल न जाळता कापायचे आहे त्याच्यासाठी तो बदल दुरुस्तीच ठरेल. पण मागच्या पिढीची गाडी चालवताना ‘मला आणखी शंभर-सव्वाशे अश्वशक्ती हवी होती’ असे सार्वजनिक रस्त्यावर कोणाला कधी वाटले असेल? आणि वाटले असेल, तर ती त्याने नक्की कोणत्या वळणावर वापरली असती?

ही भर घालण्याची सवय कुठून आली हे समजून घेतले तर वाद थोडा निवळतो. फोर्डचे मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत चालले आणि दीड कोटीहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्या सबंध काळात तिचे मूळ रूप फारसे बदलले नाही. तिला मागे टाकले ते आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखालच्या जनरल मोटर्सने, आणि त्यामागे दरवर्षी मॉडेल बदलण्याची कल्पना होती. १९२७ साली त्या कंपनीत हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रंगरूपासाठी स्वतंत्र विभागच सुरू झाला. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच पुन्हा गिऱ्हाईक करायचे, तर चालू गाडी मोडण्याची वाट पाहून भागत नाही. ती जुनी वाटायला लावावी लागते. यात कपट होते असे मी म्हणत नाही, कारण त्याच स्पर्धेतून गाड्या अधिक आरामशीर आणि अधिक भरवशाच्याही झाल्या. पण तेव्हापासून एक गोष्ट कायमची ठरली: नवी आवृत्ती काढण्याचे वेळापत्रक उणिवा सापडण्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. आवृत्ती ठरलेल्या वर्षी येतेच. त्या वर्षी दुरुस्त करण्यासारखे काही हाती नसेल, तर भर घालावी लागते.

माझ्या म्हणण्यावर पहिला आणि भक्कम आक्षेप इतिहासाचाच आहे. नव्याला नाके मुरडणारे शौकीन वारंवार चुकले आहेत. पोर्शेची ९११ ही १९६३ मध्ये जगासमोर आली तेव्हापासून हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालत होती. १९९७ मध्ये ९९६ ही पिढी आली, पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊन, आणि निष्ठावंतांनी आकाशपाताळ एक केले. खरे पाहता प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे, आवाजाचे आणि धुराचे कडक होत चाललेले नियम पाळायचे, तर हवेच्या थंडाव्यावर भागण्यासारखे राहिलेच नव्हते. आधीच्या ९९३ मध्ये ३.६ लिटरमधून २८५ अश्वशक्ती मिळत असे. नव्या गाडीने ३.४ लिटरमधून ३०० दिली, आणि तिचे वजन सुमारे ५० किलोंनी कमी होते. आकार वाढला असूनही ती हलकी झाली, याला दुरुस्तीखेरीज दुसरा शब्द नाही. तेव्हा ‘जुने ते सोने’ म्हणत अडून बसलेले लोक इंजिनापुरते साफ चुकले.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. त्याच ९९६ ला पुढचे दिवे मात्र पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्सटर या गाडीबरोबर वाटून घेतलेले मिळाले. गोल दिव्यांच्या जागी ते पसरट दिवे पाहून लोक हळहळले, आणि २००४ च्या ९९७ मध्ये कंपनीने गोल दिवे परत आणले. म्हणजे एकाच गाडीबद्दल, एकाच वेळी, तेच शौकीन एका बाबतीत चूक आणि दुसऱ्या बाबतीत बरोबर होते. जर त्यांनी गाडीला सबंध धिक्कारण्याऐवजी तिच्यातले बदल सुटेसुटे करून तोलले असते, तर त्यांना इंजिन स्वीकारता आले असते आणि दिव्यांवरचा राग शाबूत ठेवता आला असता. माझे म्हणणे एवढेच आहे. जुन्या पिढ्यांचा बचाव करणे हा माझा हेतू नाही. सरसकट होकार किंवा सरसकट नकार ही या वादाची जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळे त्यातल्या निम्म्या शहाण्या गोष्टी वाया जातात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यापुढे मी वाद घालणार नाही. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ पासून गाड्यांमध्ये येऊ लागली, गाडी घसरू लागताच एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा १९९५ पासून. ज्याच्याकडे या दोन्हींपैकी काहीच नसलेली जुनी गाडी आहे आणि जो ती ओल्या रस्त्यावर, शेजारी माणसे बसवून, रोज चालवतो, त्याला मी नवी घ्या असेच सांगेन. ही दुरुस्ती जिवाशी संबंधित आहे. पण बहुतेक वेळा वाद दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पिढीबद्दल चाललेला असतो, आणि तिच्यात या यंत्रणा आधीपासून असतात. तिथे सुरक्षिततेचे नाव घेऊन मोठा पडदा आणि सुकाणूवरची नवी बटणे गळी उतरवणे बरोबर नाही.

फेरीच्या वेळांबद्दल थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण आकडेवाल्यांचे ते ब्रह्मास्त्र आहे. पोर्शेची ९११ जीटी३ तिच्या २०२१ च्या आवृत्तीत न्यूर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या ट्रॅकच्या उत्तर मार्गावर आधीच्या पिढीपेक्षा १७ सेकंदांहून अधिक वेगवान ठरली. सुमारे सात मिनिटांच्या फेरीत हा फरक चार टक्क्यांचा पडतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे फार मोठे यश आहे आणि त्याला मी मनापासून दाद देतो. पण दोन्ही फेऱ्या ज्या मर्यादेला हात लावून आल्या, ती मर्यादा गाठणारा माणूस तो मार्ग हातच्या रेषांइतका ओळखणारा व्यावसायिक चालक असतो. त्याच्यात आणि हौशी चालकात असलेले अंतर चार टक्क्यांहून कितीतरी मोठे आहे. मग ज्याला जुन्या गाडीतच अजून मिनिटभराची बचत सापडायची आहे, त्याने १७ सेकंदांसाठी गाडी बदलावी का? फॉर्म्युला वनमध्येही हा प्रश्न एकदा उघडपणे उभा राहिला होता. १९९३ पर्यंत संगणकाने चालणारे सस्पेन्शन, चाक घसरू न देणारी यंत्रणा, एबीएस हे सारे त्या गाड्यांत येऊन पोहोचले होते. १९९४ च्या मोसमासाठी त्यांच्यावर बंदी आली. गाड्या अधिक वेगवान होत होत्या हे सगळ्यांना दिसत होते. तरीही, चालकाच्या वाट्याला किती उरते, हा हिशेब वेगाच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे असे नियम करणाऱ्यांना वाटले. जिथे वेग हेच सर्वस्व, तिथे जर हा भेद केला जातो, तर रविवारच्या पहाटे मौजेसाठी गाडी काढणाऱ्याने तो का करू नये?

अर्थात आठवणवाल्यांनी या उदाहरणावर लगेच टाळ्या पिटू नयेत. १९९४ च्या सुरुवातीला, त्या यंत्रणा काढून घेतलेल्या काही गाड्या सावरायला अवघड झाल्याची तक्रार खुद्द चालकांनीच केली होती. मदत काढून घेतली की आपोआप शुद्धता येते, हा त्यांचा लाडका समज तिथेच कोसळतो. जी रचना मदतीच्या भरवशावर उभी केली आहे तिची मदत काढली तर उरते ती अर्धवट गाडी.

आता एका अशा गोष्टीकडे येतो जिचा उल्लेख या वादात जवळजवळ कधीच होत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त फसवते. टेस्ट ड्राइव्हला मिळणारी गाडी नवी असते. आपण तिची तुलना आपल्या वापरलेल्या गाडीशी करतो. नव्या गाडीचे टायर कोरे, शॉक ॲब्सॉर्बर ताजे, सांध्यांतले रबरी बुश घट्ट. आपल्या गाडीने पन्नास-साठ हजार किलोमीटर पाहिलेले असतात. तिचे शॉक ॲब्सॉर्बर इतके हळूहळू ढिले पडतात की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही, जसे घरातल्या मुलाची वाढ घरच्यांना दिसत नाही. मी स्वतः एकदा असाच नवीन पिढीची गाडी चालवून परतलो तो निश्चय करूनच: स्टीअरिंग किती नेमके, वळणात टाकताच नाक कसे जागेवर बसते, आपली गाडी त्यापुढे म्हातारी. गाडी विकण्याआधी एकदा नीट तपासून घ्यावी म्हणून मेकॅनिककडे नेली. त्याने ती लिफ्टवर चढवली, पुढच्या चाकामागच्या आर्ममध्ये पहार घातली आणि हलकेच रेटा दिला. बुशाचे रबर कडेने फाटले होते. लोखंडी आर्म बोटभर पुढेमागे हलत होता. तो काहीच बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा हलवून दाखवला. बुश, चारही शॉक ॲब्सॉर्बर आणि चार टायर बदलले, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. त्या संध्याकाळी परत येताना पहिल्याच वळणावर स्टीअरिंग हातात असे घट्ट बसले की मी वेग कमी करून ते वळण पुन्हा घेतले. ज्याला मी नव्या रचनेचा गुण समजत होतो, तो नवेपणाचा गुण होता. या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक नव्या गाडीच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्शात विकत मिळतो.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो. आपल्या भाषेत ‘अंगवळणी पडणे’ असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे, आणि स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो. क्लच नेमका कुठे पकडतो, ब्रेकचे पेडल किती खोल गेल्यावर पुढची चाके चावतात, मागचा भाग सुटण्याआधी सीटमधून कोणती सूचना येते, हे अंगात मुरायला महिने नव्हे तर वर्षे लागतात. पहिले वर्ष गाडीची ओळख होण्यात जाते. दुसऱ्या वर्षी आपण तिच्या मर्यादा ओळखतो, आणि त्यानंतर कुठे स्वतःच्या मर्यादा दिसू लागतात. जो माणूस दर तीन वर्षांनी गाडी बदलतो तो प्रत्येक वेळी याच टप्प्याच्या तोंडाशी येऊन परत पहिल्या पायरीवर जातो. नव्याचे नऊ दिवस तो पुन्हा पुन्हा जगतो. दहावा दिवस त्याच्या वाट्याला येत नाही. मला या माणसाचा राग येत नाही, पण हळहळ वाटते, कारण ज्या आनंदासाठी त्याने ही गाडी घेतली तो आनंद बहुधा त्या दहाव्या दिवसापासूनच सुरू होतो.

तरीही काही रचनांपुढे माझी ही विभागणी अडखळते आणि ते मान्य करायला हवे. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ पासून सात पिढ्या पुढे इंजिन ठेवून चालली. तिचे प्रसिद्ध अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी १९६० च्या दशकापासूनच इंजिन मध्यभागी आणण्याचा आग्रह धरला होता. ते प्रत्यक्ष घडले २०२० च्या सी८ या आठव्या पिढीत, त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांहून अधिक काळाने. ही निःसंशय दुरुस्ती होती. सातव्या पिढीच्या सर्वांत ताकदवान आवृत्तीत ७५५ अश्वशक्ती मागच्या दोन चाकांवर ओतली जात होती आणि त्या चाकांवर पुरेसे वजन नव्हते. वजन मागे नेण्याखेरीज त्यावर खरा उपाय नव्हता. पण त्याच पिढीत हाताने टाकायचा गिअर गेला, तो पर्यायातसुद्धा उरला नाही. आता काय म्हणावे? एका हाताने दुरुस्ती दिली, दुसऱ्या हाताने काही काढून घेतले. इथे आकडेवाला म्हणेल की दुहेरी क्लचचा, आपोआप चालणारा गिअरबॉक्स माणसापेक्षा लवकर गिअर बदलतो, आणि ते खरेच आहे. पण गिअर बदलायला लागणारा वेळ हा त्याचा दोष होता, असे ज्या मालकाला कधी वाटलेच नव्हते, त्याच्यासाठी ही वजावटच आहे. अशा ठिकाणी सर्वांना लागू पडेल असा निवाडा शक्य नाही. जो सरळ रस्त्यावर मागची चाके फिरत राहण्याला वैतागला होता त्याने बदलावी. ज्याचा डावा पाय आणि गिअरवरचा हात हाच त्याचा आनंद होता त्याने सातवी पिढी जपावी. दोघांनी एकमेकांना मूर्ख ठरवण्याचे काहीच कारण नाही.

सर्वांत बळकट आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. तो असा: शौकिनांनीच नव्या गाड्या घेतल्या नाहीत, तर कंपन्या स्पोर्ट्‌स कार बनवणेच सोडून देतील. ही भीती पोकळ नाही. युरोपात २०२४ मध्ये लागू झालेल्या सुरक्षा-नियमांपायी तीच जीआर८६, जिची दुरुस्ती मी वर वाखाणली, तिथल्या बाजारातून काढून घेतली गेली. कमी खपाच्या गाडीसाठी नव्या नियमांचा खर्च करणे परवडत नाही. तेव्हा ज्याच्याकडे अशी गाडी अजून नाहीच, त्याने फार काळ तोलत बसू नये. ‘पुढे कधीतरी’ हा पर्याय त्याच्यासाठी शिल्लक असेलच असे नाही. पण वाद त्याच्याबद्दल नाही. ज्याच्याकडे आधीची पिढी आहे, त्याने निष्ठा म्हणून जे मिळेल ते घेत राहावे का? अनुभव उलट सांगतो. २०१३ मध्ये ९११ जीटी३ केवळ दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरवर आली. नाराजी मोठी होती. २०१६ मध्ये हाताने गिअर टाकायची ९११ आर अवघ्या ९९१ गाड्यांपुरती काढली गेली आणि तिच्यावर उड्या पडल्या; २०१७ मध्ये जीटी३ ला हातगिअरचा पर्याय परत मिळाला. २०१६ मध्येच पोर्शेच्या बॉक्सटर आणि केमन या गाड्यांमधून सहा सिलिंडरचे इंजिन जाऊन चार सिलिंडरचे टर्बो आले, शक्ती वाढली, वेग वाढला, आणि तरीही लोक आवाजाबद्दल बोलत राहिले. २०२० च्या जीटीएस आवृत्तीत चार लिटरचे सहा सिलिंडर परतले. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये हातगिअरविना आली, २०२२ मध्ये तो मिळाला. या तिन्ही वेळा कंपन्यांचे मन वळवले ते नेमके काय हवे आहे हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकांनी. सरसकट ‘आता पूर्वीसारखे राहिले नाही’ म्हणणाऱ्यांनी त्यात काही साधले नाही, आणि मिळेल त्या आवृत्तीसाठी रांगेत उभे राहणाऱ्यांनी तर नाहीच नाही. कारण देऊन दिलेला नकार हीसुद्धा या शौकाची सेवाच आहे.

काही जण म्हणतात की मुळात स्पोर्ट्‌स कार हीच गरजेची वस्तू नाही, मग तिच्या बाबतीत हा काटेकोर हिशेब कशाला. मनात आले, खिशात आहे, घ्यावी. मनात येण्याला माझी हरकत नाही. पण हौसेच्या वस्तूला कसोटी नसते हे मला पटत नाही. गाणे ऐकणारा, घड्याळे जमवणारा, बाग करणारा, सगळे आपापल्या हौसेत कमालीचे चोखंदळ असतात, किंबहुना गरजेच्या वस्तूंपेक्षा तिथे अधिकच. चोखंदळपणा गेला की हौसेची जागा नुसती खरेदी घेते.

गेल्या काही महिन्यांपासून मी गाडीत एक छोटी वही ठेवतो. फिरून परत आल्यावर, खाली उतरण्याआधी, त्या दिवशी गाडीने मला कुठे अडवले ते एका ओळीत लिहून ठेवतो. लांब उतारानंतर ब्रेकचे पेडल नरम पडले, अशी नोंद तीनदा झाली. ब्रेक ऑइल बदलल्यावर ती पुन्हा आली नाही. रात्री डाव्या वळणात हेडलाइटचा झोत रस्त्याबाहेर जातो, अशी नोंद पाच वेळा आहे, आणि माझ्या गाडीच्या नव्या पिढीतले दिवे स्टीअरिंगबरोबर वळतात. तिच्या बाजूने माझ्याकडे जमा झालेला हा एकमेव खरा मुद्दा आहे, आणि मी तो हलका समजत नाही. सर्वाधिक वेळा आलेली नोंद मात्र तिसरीच आहे: ब्रेक लावता लावता तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना इंजिनाचे फेरे जुळवायला त्याच पायाची टाच ॲक्सिलरेटरवर पडायला हवी, ती उशिरा पडते आणि गाडीला हिसका बसतो. नव्या पिढीत ही नोंद उरणार नाही, कारण तिच्यात क्लचचे पेडलच नाही. ती नोंद मला माझ्या पायाने खोडायची आहे, म्हणून तूर्त मी थांबलो आहे.